मुलगा मोठा झाला, पण नाण्यावर नाही

जुन्या नाण्यांच्या लिलावांचे फोटो हल्ली मोबाइलवर सहज येऊन पडतात. त्यातलं एक बायझंटाइन सोन्याचं नाणं बघणाऱ्याला हमखास बुचकळ्यात टाकतं. छाप्याच्या बाजूला मुकुट घातलेली बाई. उलटून काटा पाहावा, तर तिथेही तीच बाई. तोच मुकुट, तोच वेश, तेच नाव. टाकसाळीतल्या माणसाने डुलकी काढली आणि एकाच नाण्यावर एकच चित्र दोनदा ठोकलं की काय, अशी शंका येते.

डुलकी वगैरे काही नाही. ही बाई म्हणजे आयरीन. ७९७ ते ८०२ अशी पाच वर्षं ती कॉन्स्टँटिनोपलच्या गादीवर एकटी बसली होती, आणि नाण्यावर एकटीच होती. पण मला विचाराल तर या नाण्यापेक्षा त्याच्या आधीचं नाणं जास्त बोलकं आहे. त्यावर एका बाजूला आयरीन आणि दुसऱ्या बाजूला तिचा मुलगा, सहावा कॉन्स्टंटाइन. नाणं पडलं तेव्हा हा मुलगा एकविशी ओलांडलेला, लग्न झालेला, दोन मुलींचा बाप होता. नाण्यावर मात्र मिसरूडही न फुटलेला पोर. हे असं का, ते कळलं की दोन्ही बाजूंना एकच बाई का, हेही आपोआप कळतं.

राज्य कोणतं?

शाळेत आपण १४५३ हे साल पाठ केलेलं असतं : तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, व्यापाराची वाट अडली, युरोपीय लोक समुद्रमार्ग शोधत निघाले. त्या दिवशी जे राज्य संपलं तेच हे. रोमन साम्राज्याचा पूर्वेकडचा अर्धा भाग. ३३० साली पहिल्या कॉन्स्टंटाइनने जिथे नवी राजधानी थाटली, ते शहर आजचं इस्तंबूल. पश्चिमेकडचं रोमन राज्य पाचव्या शतकात कोसळलं. पूर्वेकडचं त्यानंतर हजार वर्षं टिकलं. तिथले लोक ग्रीक बोलायचे आणि स्वतःला रोमनच म्हणवायचे. 'बायझंटाइन' हे नाव पुढच्या काळातल्या अभ्यासकांनी चिकटवलं. आयरीनला ते ऐकवलं असतं तर कुणाबद्दल बोलताय, हे तिला समजलंही नसतं.

साडेचार ग्रॅम सोनं

नाण्याचं नाव सॉलिडस. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला पहिल्या कॉन्स्टंटाइननेच ते काढलं. हिशेब सोपा होता : एक रोमन पौंड सोन्याची ७२ नाणी. म्हणजे एक नाणं साधारण साडेचार ग्रॅमचं. आजच्या दहा ग्रॅमच्या तोळ्यात दोन नाणी पडतील आणि वर एखादा ग्रॅम उरेल. आकाराने आपल्या जुन्या एक रुपयाच्या नाण्याहून लहान, पातळ, आणि हाताने ठोकलेलं असल्यामुळे कडा क्वचितच नीट गोल.

एका सॉलिडसचे २४ भाग धरत आणि त्या भागाचं वजन कॅरोब नावाच्या झाडाच्या बीवरून ठरलेलं होतं. सराफाकडे आपण बावीस कॅरेट, चोवीस कॅरेट म्हणतो त्याचं मूळ या चोविसात आहे.

या नाण्याची खरी कमाल त्याच्या टिकाऊपणात आहे. राजे आले, राजे गेले, काहींचे डोळे काढले गेले, काहींची नाकं कापली गेली, निम्मं राज्य अरबांनी घेतलं. सोन्याचा कस मात्र अकराव्या शतकापर्यंत, म्हणजे सातशे वर्षं, जवळपास तसाच राहिला. त्यामुळे नाण्यावर काय छापलंय याला वजन होतं. पैसा तोच, किंमत तीच. दर राज्यात बदलायचा तो फक्त चेहरा आणि नाव.

नाणं वाचायचं कसं?

नाण्यावरचा चेहरा म्हणजे आजच्या अर्थाने फोटो नव्हे. आयरीन खरोखर दिसायला कशी होती हे नाण्यावरून कुणीही सांगू शकणार नाही. मोठे डोळे, सरळ समोर पाहणारा चेहरा, दोन्ही कानांवरून लोंबणाऱ्या मोत्यांच्या सरी, मुकुटाला टोकं. ठसा कोरणाऱ्याला राणीचं रूप दाखवायचंच नव्हतं. राणी कितव्या नंबरवर आहे, ते दाखवायचं होतं.

ते पाहण्याच्या खुणा थोड्या आहेत. छाप्यावर कोण आणि काट्यावर कोण? दोघं शेजारीशेजारी असतील तर पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला कोण, कारण ती मानाची जागा. हातात काय आहे? क्रूस बसवलेला गोल म्हणजे पृथ्वीवरची सत्ता, दंड म्हणजे हुकूम चालवण्याचा अधिकार. आणि दाढी आहे का? दाढी असलेला तो कर्ता पुरुष, बिनदाढीचा तो धाकटा.

दाढीचं एवढं काय, असं वाटेल. पण टाकसाळ याबाबत फार काटेकोर होती. सातव्या शतकातल्या हेराक्लिअस राजाची नाणी ओळीने मांडली तर शेजारचा त्याचा मुलगा आधी चिमुकला दिसतो, मग थोडा मोठा, मग बापाच्या बरोबरीचा. पोरगा वाढला की ठसा बदलायचा, हा रिवाज होता. म्हणूनच आयरीनच्या मुलाचा न वाढलेला चेहरा डोळ्यांत खुपतो.

अज्ञान राजा आणि त्याची आई

राजा लहान असताना त्याच्या नावाने जी व्यक्ती राज्य चालवते तिला इंग्रजीत रीजंट म्हणतात. हा शब्द इथे एकदाच वापरतो, कारण गंमत अशी की बायझंटाइन कायद्यात असं पदच नव्हतं. नेमणूक नाही, मुदत नाही, अधिकारांची यादी नाही.

आपल्याकडे सातबारा पाहिलेल्या कुणालाही हा प्रकार चटकन कळेल. बाप वारला, जमीन लहान मुलाच्या नावावर चढली, की नावापुढे 'अ.पा.क.' लिहून आईचं नाव येतं. अज्ञान पालनकर्ता. मालक मुलगा, व्यवहार आईचा. मुलगा अठरा वर्षांचा झाला की अर्ज द्यायचा, फेरफार व्हायचा आणि पालकाचं नाव कमी व्हायचं. बायझंटाइन राज्यात यातली पहिली अर्धी पद्धत होती. दुसरी अर्धी नव्हतीच. पालकाचं नाव कधी आणि कुणी कमी करायचं, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. आयरीनची सगळी कथा या न लिहिलेल्या ओळीत घडते.

ती अथेन्सची. ७६९ साली कॉन्स्टँटिनोपलला आली आणि युवराज चौथ्या लिओशी तिचं लग्न झालं. ७७१ च्या जानेवारीत मुलगा झाला. ७८० च्या सप्टेंबरमध्ये नवरा वारला. मुलगा नऊ वर्षांचा, आणि घरात पाच सावत्र दीर, सगळे गादीकडे डोळे लावून बसलेले. सव्वा महिना उलटतो न उलटतो तोच त्यातल्या एकाला, निकेफोरसला, राजा करण्याचा कट उघडकीस आला. आयरीनने पाचही दिरांना पाद्री करून टाकलं. त्या वर्षीच्या नाताळात, भर दरबारी प्रार्थनेत, हे पाच राजपुत्र लोकांना प्रसाद वाटताना साऱ्या शहराने पाहिले. एकदा धर्मदीक्षा घेतलेल्याला राजा होता येत नाही. त्यांच्यापैकी कुणाच्याही अंगाला हात न लावता तिने पाच दावेदार मोडीत काढले. या बाईला कमी लेखू नये, हे दरबाराला तेव्हाच कळलं असणार.

पहिलं नाणं : तीन मेलेले राजे

सुरुवातीच्या त्या वर्षांतलं नाणं गर्दीचं आहे. छाप्यावर मुलगा आणि आई शेजारीशेजारी. काट्यावर ओळीने बसलेले तीन राजे : मुलाचा पणजोबा तिसरा लिओ, आजोबा पाचवा कॉन्स्टंटाइन आणि बाप चौथा लिओ. तिघेही मेलेले.

मेलेल्यांना नाण्यावर घेण्याची चाल याच घराण्याने पाडली होती, त्यामुळे आयरीनने नवं काही केलं नाही. पण तिला त्याची गरज सगळ्यांत जास्त होती. नऊ वर्षांचा मुलगा राजा का, तर त्याच्या मागे तीन पिढ्या आहेत म्हणून. आणि ती त्याच्या शेजारी का, तर त्याची आई म्हणून. नाण्याची मागची बाजू पुढच्या बाजूला हक्क पुरवत होती.

यात एक मोठी विसंगती लपलेली आहे. त्या काळातला सर्वांत पेटलेला वाद होता तो पवित्र चित्रांचा. ख्रिस्ताची, मेरीची, संतांची चित्रं पूजावीत की ती मूर्तिपूजा ठरते? पणजोबा आणि आजोबा हे दोघे चित्रांचे कट्टर विरोधक. आयरीनने ७८७ साली निकिया इथे धर्मपरिषद भरवून चित्रपूजा पुन्हा सुरू केली. त्याआधी ७८६ मध्ये राजधानीतच बैठक बोलावली होती. ती आजोबांच्या निष्ठावान सैनिकांनी तलवारी उपसून उधळली. तेव्हा तिने त्या पलटणी मोहिमेच्या नावाखाली शहराबाहेर हलवल्या, बरखास्त केल्या आणि मग पुन्हा परिषद घेतली. म्हणजे सासऱ्याचं धर्मकारण तिने मोडून काढलं, आणि नाण्यावर मात्र सासरा मानाने बसलेलाच. धर्म बदलणं परवडत होतं, सासर सोडणं परवडत नव्हतं.

नाव आधी कुणाचं?

७९० साली मुलगा एकोणीस वर्षांचा होता आणि कारभार अजून आईकडेच. त्याचं पश्चिम युरोपातल्या फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याच्या मुलीशी लहानपणी ठरलेलं लग्न आईने मोडलं होतं आणि ७८८ मध्ये दुसरीच मुलगी पाहून दिली होती. तो चिडला, त्याने कट केला, कट फसला, आईने त्याला मार दिला आणि घरात डांबलं. मग तिने सैन्याकडून शपथ मागितली : मी जिवंत आहे तोवर मुलाने राज्य करायचं नाही, आणि नावं घेताना आयरीनचं नाव आधी.

राजधानीतल्या फौजांनी शपथ घेतली. पूर्वेकडच्या आर्मेनियाक प्रांताच्या सैन्याने घेतली नाही. इतिवृत्तकार थिओफानेसने त्यांचं म्हणणं नोंदवलंय. त्याचा मतितार्थ असा की आम्हाला पहिल्यापासून 'कॉन्स्टंटाइन आणि आयरीन' असा क्रम मिळाला आहे, 'आयरीन आणि कॉन्स्टंटाइन' असं आम्ही म्हणणार नाही. लक्षात घ्या, त्यांना आईच्या कारभाराबद्दल तक्रार नव्हती. ते अडले ते नावाच्या क्रमावर. ज्या राज्यात पालकाच्या पदाला कायद्याचा आधार नाही, तिथे शपथेतला, प्रार्थनेतला आणि नाण्यावरचा क्रम हाच कायदा असतो, हे त्या शिपायांना पक्कं ठाऊक होतं.

बाकीचं सैन्य त्यांच्यामागे गेलं, मुलगा एकटा राजा झाला आणि आईची रवानगी तिच्याच बांधलेल्या एलेफ्थेरिओस वाड्यात झाली. इथे गोष्ट संपायला हवी होती. फेरफार झाला, पालकाचं नाव निघालं.

पण ७९२ च्या जानेवारीत मुलानेच आईला परत बोलावलं आणि तिचा किताब तिला परत दिला. त्यानंतरची त्याची पाच वर्षं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडे मारून घेण्याचा सपाटा. त्याच वर्षी मार्केलाय इथे बल्गारांकडून मोठा पराभव. मग संशयावरून निकेफोरस काकाचे डोळे काढले, बाकी चार काकांच्या जिभा कापल्या. आर्मेनियाक सैन्याचा सेनापती, ज्याच्या जोरावर तो गादीवर आला होता, त्याचेही डोळे काढले. ते सैन्य भडकलं, तर बंड मोडून हजारभर शिपायांच्या चेहऱ्यावर शाईने 'आर्मेनियाक कटवाला' असं गोंदवून शहरातून त्यांची धिंड काढली. त्याच्यासाठी नावाच्या क्रमावर अडून बसलेली माणसं होती ती. ७९५ मध्ये बायकोला मठात पाठवून राजवाड्यातल्या एका दासीशी लग्न केलं, तेव्हा संन्यासीही विरोधात गेले.

बिनदाढीचा राजा

ज्या नाण्याची गोष्ट सुरुवातीला केली ते याच पाच वर्षांतलं. आता ते वाचून पाहू.

तिन्ही पूर्वज गायब. छाप्यावर आयरीन, नुसतं नाव आणि 'ऑगस्टा' हा राण्यांचा जुना किताब. अंगावर रत्नजडित, गुंडाळून घ्यायचा दरबारी पट्टा, ज्याला लोरोस म्हणत. एका हातात क्रूस बसवलेला गोल, दुसऱ्या हातात क्रूसाचाच दंड. काट्यावर मुलगा, नावापुढे राजाचा किताब. अंगावर साधा राजझगा, हातात गोल आहे, पण दंड नाही. दाढी नाही.

किताबात मुलगाच वरचढ आहे, ते तिने बदललेलं नाही. बाकी सगळं बदललंय. बाजू तिची, दंड तिचा, भारी वेश तिचा, आणि मुलाचं वय गोठवलेलं. अ.पा.क. म्हणून लागलेलं नाव भोगवटादाराच्या रकान्यात वर चढून बसलं आणि मालक खाली इतर हक्कांत गेला, तर जसं दिसेल तसं हे नाणं दिसतं. आठवून पाहा : ७९० मध्ये सैन्याने शपथेत जे नाकारलं, तेच इथे सोन्यात ठोकून बाजारात आलंय.

आपल्याकडे याच्या चारशे वर्षं आधी वाकाटकांच्या प्रभावतीगुप्तानेही अज्ञान मुलाच्या नावाने राज्य केलं. तिच्या पुण्याच्या ताम्रपटाच्या मुद्रेवर ती स्वतःला स्पष्ट 'युवराजाची जननी' म्हणवते. आपला अधिकार कुठून आला ते ती सांगून टाकते. आयरीनच्या या नाण्यावर 'आई' कुठेच नाही. माझ्या मते तिचा सर्वांत मोठा दावा या न लिहिलेल्या शब्दात आहे.

टाकसाळीने आळस केला असेल तर?

ही शंका रास्त आहे. जुना ठसा तसाच वापरला, दाढी कोरायची राहून गेली, असं झालं असेल की. पण हा जुना ठसा नव्हताच. ७९२ नंतरचा नमुना पूर्ण नव्याने मांडलेला आहे : पूर्वज काढले, दोघांना वेगवेगळ्या बाजूंवर नेलं, वेश बदलले. एवढं सगळं बदलताना फक्त दाढीचाच विसर पडला हे पटत नाही. शिवाय सोन्याची टाकसाळ राजवाड्याच्या थेट नजरेखाली चाले.

सामान्य माणसाला हे दिसत तरी होतं का?

भाजीवाल्याला नाही. बाजारहाट तांब्याच्या नाण्यांवर चाले. अनेकांच्या हातात वर्षातून एखादं सोन्याचं नाणं आलं तरी खूप, आणि तेही कर भरताना परत जायचं. सोनं फिरायचं ते सरकार आणि सरकारची माणसं यांच्यात : सैनिकांचे पगार, अधिकाऱ्यांचं वेतन, प्रांतांतून येणारा कर, आणि सरहद्दीपलीकडच्या शत्रूला द्यायची खंडणी. ७८२ मध्ये अरबांचा हारून अल रशीद सैन्य घेऊन थेट राजधानीसमोरच्या किनाऱ्यावर येऊन ठाकला, तेव्हा आयरीनलाही खंडणी कबूल करावी लागली होती.

पण राजा कोण हे ठरवणारी माणसं नेमकी हीच होती. नाण्यावर क्रमाची बारकाई कुणासाठी, तर ज्यांनी ७९० मध्ये क्रमावरून बंड केलं त्यांच्यासाठी. पगाराच्या दिवशी मोजून हातात पडणारा चेहरा त्यांनी नक्की पाहिला असणार.

मग दोन्ही बाजूंना ती एकटी का?

७९७ च्या ऑगस्टमध्ये आयरीनच्या माणसांनी मुलाला पकडलं आणि राजवाड्यात त्याचे डोळे काढले. जांभळ्या दगडाने मढवलेल्या ज्या दालनात राण्यांची बाळंतपणं होत, ज्या दालनात तिनेच त्याला जन्म दिला होता, तिथेच. बायझंटाइन समजुतीप्रमाणे राजा अव्यंग असावा लागे. आंधळा केला की तो आपोआप बाद. थिओफानेस आयरीनच्या धर्मकारणाचा चाहता, पण यानंतर सतरा दिवस सूर्य काळवंडला होता असं तोही लिहितो.

आता नाण्यावर काय घालायचं? मुलगा नाही. नवऱ्याचं घराणं तिने स्वतःच संपवलं, त्यामुळे ते तीन मेलेले राजे आता तिची बाजू मांडण्याऐवजी तिच्याविरुद्ध साक्ष देतील. पायऱ्यांवर उभा क्रूस हा जुना, बिनधोक नमुना हाताशी होता. तो घातला असता तर कुणी हरकत घेतली नसती. तिने तोही घेतला नाही. दोन्ही बाजूंना स्वतःच. अक्षरं अर्धी ग्रीक, अर्धी लॅटिन वळणाची, आणि मजकूर एवढाच : आयरीन, सम्राज्ञी.

इथे बऱ्याच ठिकाणी छापून येतं की तिने स्वतःला पुरुषाचा, राजाचा किताब लावला. नाण्यावर तरी तसं नाही. नाण्यांवर स्त्रीलिंगी 'बासिलिसा' आहे. पुल्लिंगी रूप येतं ते तिच्या नावाच्या एका कायद्यात. बाईचं राज्य मान्यच नव्हतं, हे मात्र पश्चिमेत उघड बोललं जात होतं. ८०० सालच्या नाताळात रोममध्ये पोपने शार्लमेनला सम्राट म्हणून मुकुट घातला. तिकडच्या एका इतिवृत्तात कारण दिलंय ते हेच : ग्रीकांकडे सम्राट उरला नाही, तिथे बाईचं राज्य आहे, म्हणजे पद रिकामं आहे. पुढे शार्लमेनने आयरीनला लग्नाचा निरोप पाठवल्याचं थिओफानेस सांगतो. झालं असतं तर त्या नाण्याच्या काट्यावर कोण आलं असतं, असा विचार मनात येतोच.

तिने लोकांना खूश ठेवायचा प्रयत्नही केला. ७९९ च्या ईस्टरला ती चार पांढऱ्या घोड्यांच्या रथातून निघाली. लगाम धरायला चार मोठे सरदार, आणि ती रस्त्यावर नाणी उधळत चाललेली. ८०१ मध्ये राजधानीवरचे कर माफ केले, बंदरांवरची जकात कमी केली. उपयोग झाला नाही. ८०२ च्या ३१ ऑक्टोबरला तिच्याच खजिन्याच्या प्रमुखाने, निकेफोरसने, गादी घेतली. हा त्या दिरापेक्षा वेगळा. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये आयरीन लेस्बोस बेटावर हद्दपारीत वारली. निकेफोरसच्या पहिल्या सोन्याच्या नाण्यावर छाप्याला दाढीवाला राजा आहे आणि काट्याला, अर्थातच, पायऱ्यांवरचा क्रूस.

चित्रपूजा तिने आणली, मग नाण्यावर ख्रिस्त का नाही?

ख्रिस्ताचा चेहरा नाण्यावर आधीच येऊन गेला होता. सातव्या शतकाच्या अखेरीस दुसऱ्या जस्टिनियनने तो आणला होता. आयरीनने तो परत आणला नाही, कारण त्याला एक अख्खी बाजू लागते, आणि तिला दोन्ही बाजू हव्या होत्या. हे माझं मत. पण तिच्यानंतरच्या थिओडोराकडे पाहिलं की ते जास्त पटतं.

थिओडोराचं प्रकरण कागदावर अगदी तेच : ८४२ च्या जानेवारीत नवरा, थिओफिलोस, वारला, मुलगा तिसरा मायकेल दोन वर्षांचा, नवरा चित्रांच्या विरोधात, बायको बाजूने. मधल्या काळात चित्रपूजा पुन्हा बंद पडली होती, ती तिने ८४३ मध्ये कायमची सुरू केली. तिच्या पहिल्या नाण्यावर छाप्याला ती एकटी आणि काट्याला छोटा मायकेल व त्याची मोठी बहीण थेक्ला. आयरीनच्या वाटेने जाणार असं वाटत असतानाच पुढचं नाणं आलं : छाप्यावर ख्रिस्त, दुसऱ्या जस्टिनियनच्या नाण्यावरून जसाच्या तसा घेतलेला, आणि मागे मायकेल आणि थिओडोरा शेजारीशेजारी. मानाची बाजू तिने देवाला दिली.

८५६ मध्ये मुलाने कारभार हातात घेतला तेव्हा तिने दरबाराला खजिना मोजून दाखवल्याचं इतिहासकार सांगतात : सोनं १,०९० केंतेनारिया, म्हणजे १,०९,००० पौंड. पौंडाला ७२ या दराने ७८ लाखांवर नाणी होतात. आकडा फुगवलेला असू शकतो, पण हिशेब देऊन बाजूला झालेली पालक म्हणून तिची आठवण राहिली. आपल्या भाषेत, फेरफाराला तिने स्वतः सही दिली.

ही नाणी आपल्याकडे सापडतात का?

सॉलिडस सापडतात, आयरीनचे नाहीत. दक्षिण भारतात, विशेषतः कर्नाटक, आंध्र आणि तमिळनाडूत, मिळालेली बायझंटाइन सोन्याची नाणी बहुतेक पाचव्या-सहाव्या शतकातली आहेत. कर्नाटकातल्या अक्कीआलूरचा साठा त्यातला प्रसिद्ध. अशा अनेक नाण्यांना चेहऱ्याच्या वरच्या बाजूला दोन भोकं पाडलेली दिसतात; इथे आल्यावर त्यांचा पैसा न राहता दागिना झाला. हुबेहूब नकला करून पाडलेली स्थानिक नाणीही मिळतात.

सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा कॉस्मस नावाचा व्यापारी या किनाऱ्याची माहिती लिहून गेला. त्याने सांगितलेलं 'कल्लियाना' हे बंदर म्हणजे आपलं कल्याण, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तिथून तांबं, इमारती लाकूड आणि कापड जातं, असं तो नोंदवतो. श्रीलंकेच्या राजासमोर एका रोमन व्यापाऱ्याने आपलं सोन्याचं नाणं आणि इराण्याने आपलं चांदीचं नाणं ठेवलं, आणि राजाने रोमन नाण्याच्या बाजूने कौल दिला, ही गोष्टही त्याचीच. सातव्या शतकात इजिप्त आणि सीरिया अरबांकडे गेले आणि तांबड्या समुद्रातून येणारी ही वाट कॉन्स्टँटिनोपलच्या हातून सुटली. आयरीनचं नाणं पडत होतं तेव्हा आपल्या किनाऱ्यावर परदेशी सोनं येत होतं ते अरब व्यापाऱ्यांच्या हातून, आणि त्या दिनारांवर कुणाचाच चेहरा नव्हता.